नाशकात बसून लॅपटॉपवर पॉझिट्रॉन-हेलियम स्कॅटरिंग: शून्यापासून ग्राफपर्यंत

दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत एमएस्सी फिजिक्सची दोन-चार पोरंपोरी प्रोजेक्टचा विषय मागायला येतात, आणि दरवर्षी मी एखाद्याच्या तरी गळ्यात हा विषय मारतो. कारण सरळ आहे, लॅब लागत नाही, लॅपटॉप आणि पायथन पुरतं, आणि शेवटी जो ग्राफ निघतो त्यात खरंच काहीतरी दिसतं. पॉझिट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉनचा पॉझिटिव्ह भाऊ, अँडरसननं १९३२ मध्ये कॉस्मिक किरणांत पकडला तो. हा हळू वेगानं, म्हणजे काही ईव्ही (इलेक्ट्रॉन-व्होल्ट) एनर्जीनं हेलियम, निऑन, आर्गॉनसारख्या अणूवर सोडला तर किती आणि कसा विखुरतो, एवढाच प्रश्न.

आधी चित्र डोक्यात बसू द्या, कोड नंतर. नाशिकच्या सीबीएस बसस्टँडवर शेअर रिक्षा बघितली असेलच, लांबून ड्रायव्हर ओरडून ओरडून बोलावतो, या या पंचवटी पंचवटी, आणि जवळ गेलात की आतले लोक कोपर मारून बाहेर ढकलतात कारण जागाच नाही. अणू पॉझिट्रॉनशी अगदी असंच वागतो. लांब असताना पॉझिट्रॉनमुळे अणूचा इलेक्ट्रॉन ढग त्याच्याकडे जरासा सरकतो, अणू डायपोल होतो आणि खेच लागते, हे पोलरायझेशन. जवळ गेलं की ढगाच्या आत शिरून न्यूक्लियसचा पॉझिटिव्ह चार्ज उघडा पडतो आणि धक्का बसतो, ही स्टॅटिक इंटरॅक्शन. इलेक्ट्रॉन सोडला तर स्टॅटिक आणि पोलरायझेशन दोन्ही खेचणारेच, वर त्याला एक्स्चेंजची भानगड, कारण येणारा इलेक्ट्रॉन आणि अणूतले इलेक्ट्रॉन ओळखूच येत नाहीत. पॉझिट्रॉनला एक्स्चेंज नाही, म्हणून कोड सोपा. पण खेच विरुद्ध धक्का अशी रस्सीखेच असल्यामुळे उत्तर हे दोन मोठ्या आकड्यांच्या वजाबाकीवर येऊन पडतं, आणि तिथेच सगळी गंमत आणि सगळा त्रास आहे. २ ईव्हीच्या आसपास हेलियमवर इलेक्ट्रॉनचा क्रॉस सेक्शन (विखुरताना अणू केवढा मोठा भासतो ते क्षेत्रफळ) सहा-एक चौरस अँगस्ट्रॉम असतो, पॉझिट्रॉनचा साधारण एक दशांश चौरस अँगस्ट्रॉम. अणू तोच, फक्त चार्जचं चिन्ह बदललं.

कुठपर्यंत जायचं ते आधीच ठरवा. पॉझिट्रॉन अणूतला इलेक्ट्रॉन उचलून स्वतःबरोबर पॉझिट्रोनियम बनवू शकतो, त्याची बाइंडिंग एनर्जी ६.८ ईव्ही, म्हणजे आयनायझेशन एनर्जीतून ६.८ वजा केले की पॉझिट्रोनियमचा थ्रेशोल्ड मिळतो. हेलियमला १७.८, निऑनला १४.८, आर्गॉनला ९.०, क्रिप्टॉनला ७.२ आणि झेनॉनला ५.३ ईव्ही. याच्या खाली फक्त इलॅस्टिक स्कॅटरिंग (अणूला आतून न बदलता नुसतं विखुरणं) आणि अगदी चिमूटभर अ‍ॅनायहिलेशन (पॉझिट्रॉन आणि इलेक्ट्रॉन भेटून दोघंही नाहीसे होणं) एवढंच शक्य असतं, आपलं मॉडेल फक्त तिथेच खरं. एका पोरानं हेलियमचा ग्राफ ५० ईव्हीपर्यंत काढून आणला होता, छान गुळगुळीत दिसत होता, पण १७.८ च्या पुढे पॉझिट्रॉन पॉझिट्रोनियम बनवून पळत असतात आणि त्याच्या कोडला त्याचा पत्ताच नव्हता.

सुरुवात हेलियमनंच करा, आर्गॉनचा मोह नको. सगळं अ‍ॅटॉमिक युनिटमध्ये करायचं, अंतर बोहर त्रिज्येत, एनर्जी हार्ट्रीत (१ हार्ट्री म्हणजे २७.२११ ईव्ही). वेव्ह नंबर के काढायचा शॉर्टकट म्हणजे ईव्हीतल्या एनर्जीला १३.६०६ नं भागा आणि वर्गमूळ घ्या. १ ईव्हीला के येतो ०.२७१, २ ईव्हीला ०.३८३, १० ईव्हीला ०.८५७. हे तीन आकडे वहीत लिहून ठेवा आणि कोडचा पहिला प्रिंट याच्याशी जुळतो का बघा. निम्म्या चुका इथेच होतात, कोणी रिडबर्ग आणि हार्ट्री मिसळतं आणि मग सगळा ग्राफ बाजूला सरकतो.

आता पोटेन्शियल. हेलियमसाठी क्वांटमच्या पेपरात सगळ्यांनी घोकलेली ती व्हेरिएशनल वेव्हफंक्शन घ्या, इफेक्टिव्ह चार्ज २७/१६ म्हणजे १.६८७५ वाली. त्यातून स्टॅटिक पोटेन्शियल हातानं निघतं, एकदा स्वतः इंटिग्रेट करून बघाच:

व्ही-स्टॅटिक = +२ × (१/आर + १.६८७५) × एक्स्प(−३.३७५ आर)

आर म्हणजे न्यूक्लियसपासूनचं अंतर. पुढचं चिन्ह प्लस, म्हणजे ढकलणारं. इलेक्ट्रॉनसाठी हेच मायनस. न्यूक्लियसजवळ हे २/आर सारखं वागतं आणि दोन-तीन बोहरच्या पुढे जवळपास संपतं.

पोलरायझेशनचा भाग:

व्ही-पोल = −(अल्फा / २आर⁴) × [१ − एक्स्प(−(आर/आरसी)⁶)]

अल्फा म्हणजे पोलरायझेबिलिटी, हेलियमची १.३८३, निऑनची २.६६, आर्गॉनची ११.१, क्रिप्टॉनची १६.८, झेनॉनची २७.३, सगळ्या घन बोहर त्रिज्येत. चौकटी कंसातला भाग कट-ऑफ आहे, नाहीतर आर शून्याकडे जाताना खेच अनंत होते आणि कोड फुटतो. इथे माझी स्वतःची फजिती सांगतो. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा गंगापूर रोडच्या खोलीत दोन रात्री नुसता डोकं धरून बसलो होतो, हेलियमचा मिनिमम (क्रॉस सेक्शनमधला खड्डा, पुढे येतोच) काही केल्या दिसेना, सगळ्या एनर्जीला फेज शिफ्ट (अणूमुळे पॉझिट्रॉनची लाट किती सरकते ते, पुढे यालाच डेल्टा म्हटलंय) निगेटिव्हच, जणू अणू फक्त ढकलतोच आहे. कोड तीन वेळा नव्यानं लिहिला. शेवटी कळलं की अल्फा मी ०.२०५ टाकला होता, जो एका टेबलात घन अँगस्ट्रॉममध्ये दिलेला होता आणि बाकी सगळं बोहरमध्ये. म्हणजे खेच जवळपास सातपट कमी. आकडा बरोबर, एकक चुकीचं, आणि कॉम्प्युटर बिचारा काहीच बोलत नाही.

आरसीचं, म्हणजे कट-ऑफ ज्या अंतराच्या आत लागतो त्याचं, काय करायचं? ही एक खुंटी आहे, तंबोऱ्याची असते तशी. १.५ पासून सुरू करा. आरसी कमी केली की खेच वाढते, जास्त केली की धक्का जिंकतो. आपण ती अशी पिळायची की हेलियमची स्कॅटरिंग लेंग्थ (एनर्जी शून्याकडे जाताना विखुरणं किती जोरात ते सांगणारी लांबी) −०.४८ बोहरच्या जवळ येईल, हा आकडा चांगल्या व्हेरिएशनल गणितांतून पक्का झालेला आहे. हे प्रामाणिकपणे रिपोर्टात लिहायचं: आम्ही एक आकडा बाहेरून उसना घेतला आणि बाकीचा ग्राफ त्यातून काढला. खुंटी पिळून जुळवायची आणि मग "आमच्या मॉडेलनं स्कॅटरिंग लेंग्थ अचूक सांगितली" असं लिहायचं, हे मी दोन-तीन प्रोजेक्ट रिपोर्टात वाचलंय आणि व्हायव्हात एक्स्टर्नलनं नेमकं तिथेच धरलंय.

मग रेडियल इक्वेशन सोडवायचं. यू ही पॉझिट्रॉनच्या लाटेची आर नुसार बदलणारी फंक्शन, यू-डबल-प्राइम = एफ × यू, आणि एफ = एल(एल+१)/आर² + २व्ही − के². व्ही म्हणजे वरच्या दोन्ही पोटेन्शियलची बेरीज, एल म्हणजे अँग्युलर मोमेंटमचा आकडा, ०, १, २, ३ ला अनुक्रमे एस, पी, डी, एफ वेव्ह म्हणतात. न्युमेरोव मेथड वापरा, रुंगे-कुटापेक्षा इथे ती कमी कष्टात जास्त अचूक देते. स्टेप एच ०.०१ घ्या आणि प्रत्येक पुढचा पॉइंट असा:

यू(पुढचा) × [१ − एच²एफ(पुढचा)/१२] = २ × यू(आत्ताचा) × [१ + ५एच²एफ(आत्ताचा)/१२] − यू(मागचा) × [१ − एच²एफ(मागचा)/१२]

शून्यापासून सुरू करू नका, तिथे एफ अनंत आहे. आर = एच आणि आर = २एच या दोन पॉइंटपासून निघा, तिथे यू = आर^(एल+१) × [१ + २आर/(एल+१)] ठेवा, हा कंस न्यूक्लियसजवळच्या २/आर धक्क्यामुळे येतो. नुसतं आर^(एल+१) टाकलं तरी फार बिघडत नाही, पण स्टेप कमी-जास्त करून तपासाल तेव्हा आकडे हलताना दिसतील आणि उगाच शंका येत राहील.

हेलियमसाठी ५० बोहरपर्यंत जा, अगदी कमी एनर्जीला १०० पर्यंत. पोलरायझेशनची शेपटी आर⁴ नं कमी होते म्हणजे फार हळू, म्हणून १० बोहरला थांबणं ही आळशी माणसाची चूक आहे. आर इतक्यावर थांबलात तर फेज शिफ्टमध्ये सुमारे अल्फा/(६ × के × आर³) एवढी चूक राहते, स्वतः घालून बघा, हेलियमला ५० वर ती १ ईव्हीला एक लाखांशाच्याही खाली जाते, पण झेनॉनला के ०.०५ असताना तीच ०.०००७ होते, मग तिथे २०० पर्यंत जावं लागतं.

आता मॅचिंग, इथे शांतपणे वाचा. शेवटाकडचे दोन पॉइंट घ्या, आर१ आणि आर२, मधलं अंतर साधारण पाव वेव्हलेंग्थ, फार जवळचे घेतले तर वजाबाकीत अचूकता जाते. गुणोत्तर काढा, जी = (आर१ × यू२) / (आर२ × यू१). मग

टॅन डेल्टा = [जी × जे(के आर१) − जे(के आर२)] / [जी × एन(के आर१) − एन(के आर२)]

जे आणि एन म्हणजे स्फेरिकल बेसेल आणि न्यूमन फंक्शन, पायथनच्या सायपायमध्ये दोन्ही तयार मिळतात. यूचं नॉर्मलायझेशन लागतच नाही, गुणोत्तरात कटून जातं. प्रत्येक एनर्जीला एल = ०, १, २, ३ साठी डेल्टा काढा, आणि मग

सिग्मा = (४ पाय / के²) × बेरीज (२एल+१) × साइन² डेल्टा

सिग्मा म्हणजे क्रॉस सेक्शन, पाय म्हणजे ३.१४ वाला. उत्तर चौरस बोहरमध्ये येतं, ०.२८ नं गुणलं की चौरस अँगस्ट्रॉम.

ग्राफ काढायची घाई आवरा. आधी चाचण्या, आणि ह्या मी पोरांकडून सक्तीनं करून घेतो. व्ही शून्य ठेवा, सुरुवातीच्या पॉइंटमधला २/आर वाला कंसही काढा, सगळे डेल्टा शून्य यायलाच हवेत, आले नाहीत तर मॅचिंगमध्ये गोची आहे. मग फक्त स्टॅटिक चालू ठेवा, पोलरायझेशन बंद, एस-वेव्हचा डेल्टा सगळीकडे निगेटिव्ह आला पाहिजे कारण नुसता धक्का आहे. मग सगळं चालू करून के = ०.१ ला पी-वेव्ह बघा. १९६१ च्या सुमारास ओ'मॅली, स्प्रुख आणि रोझेनबर्ग यांनी मॉडिफाइड इफेक्टिव्ह रेंज थिअरी मांडली, त्यातून कमी एनर्जीला एल १ किंवा जास्त असेल तर

टॅन डेल्टा ≈ पाय × अल्फा × के² / [(२एल−१)(२एल+१)(२एल+३)]

असं मिळतं. पी-वेव्हला खाली १५ येतात, डी-वेव्हला १०५, एफला ३१५. हेलियमला के = ०.१ वर पी-वेव्हचा आकडा ०.००२९, तुमचा याच्या जवळपास, जरासा कमी यायला हवा. डी-वेव्हच्या पुढे तर कोड चालवायचीही गरज नाही, हाच फॉर्म्युला भरा आणि पुढे चला.

त्याच थिअरीचं एस-वेव्हचं रूप माझं सगळ्यात आवडतं, कारण ते चहाच्या टपरीवर बिलाच्या पाठीमागे करता येतं. टॅन डेल्टा = −ए के − (पाय अल्फा/३) के² + पुढच्या टर्म्स, ए म्हणजे स्कॅटरिंग लेंग्थ. ए निगेटिव्ह असल्यामुळे पहिली टर्म पॉझिटिव्ह, दुसरी निगेटिव्ह, म्हणजे कुठेतरी दोन्ही कटून डेल्टा शून्य होणार. हेलियमला ०.४८ भागिले १.४४८ करा, के येतो ०.३३, म्हणजे १.५ ईव्ही. खरा मिनिमम २ ईव्हीच्या आसपास आहे. दोन टर्ममध्ये इतकं जवळ! निऑनला ए साधारण −०.५३, तेच गणित ०.५ ईव्ही देतं, खरा ०.६ च्या आसपास. हा जो खड्डा आहे त्यालाच रॅमसॉवर-टाउनसेंड मिनिमम म्हणतात, खेच आणि धक्का बरोबर फिटतात आणि एस-वेव्हला अणू जणू नसल्यासारखाच होतो. शून्य मात्र होत नाही, पी-वेव्हचा थोडा भाग उरतो, तोच तो एक दशांश चौरस अँगस्ट्रॉमच्या घरातला उरलेला क्रॉस सेक्शन.

आणि आता उलटी गोष्ट बघा. इलेक्ट्रॉनसाठी हा मिनिमम आर्गॉन, क्रिप्टॉन, झेनॉनमध्ये दिसतो, रॅमसॉवरनं १९२१ मध्ये तोच पाहिला होता, हेलियम आणि निऑनमध्ये नाही. पॉझिट्रॉनसाठी बरोबर उलट, हेलियम-निऑनमध्ये आहे, जड तिघांमध्ये नाही. व्हायव्हात हा प्रश्न हमखास येतो, "आर्गॉनला का नाही?" यावर "खेच जास्त म्हणून" एवढं म्हणून सुटू नका. आर्गॉनची ए सुमारे −४.५, वरचंच गणित केलं तर तिथेही एस-वेव्ह २ ईव्हीच्या आसपास शून्यातून जाताना दिसते! पण अल्फा ११ असल्यामुळे तोवर पी-वेव्ह इतकी फुगलेली असते की खड्डा भरून निघतो. कोडमध्ये एस आणि पीचे क्रॉस सेक्शन वेगवेगळ्या रंगात काढा, एका नजरेत कळतं. मागच्या वर्षी एका पोरीनं तसा ग्राफ काढला तेव्हा ती म्हणाली, सर हा खड्डा आहे पण त्यात पाणी साचलंय. यापेक्षा चांगलं मला सांगता आलं नसतं.

हेलियम जमला की मग जड अणूंकडे वळा. तिथे हाताने काढलेलं स्टॅटिक पोटेन्शियल नाही चालत, हार्ट्री-फॉक वेव्हफंक्शन लागतात, क्लेमेंटी आणि रोएटी यांची १९७४ ची टेबलं आहेत, त्यातले स्लेटर ऑर्बिटलचे कोइफिशियंट टाइप करायचे, कंटाळवाणं काम आहे, दोघांनी मिळून करा, एकानं वाचायचं दुसऱ्यानं टाकायचं. डेन्सिटी इंटिग्रेट केल्यावर इलेक्ट्रॉनची संख्या बरोबर येते का तेवढं बघा, आर्गॉनला १८ च्या जागी १७.६ आले तर कुठेतरी एक आकडा चुकला. झेनॉनला वेगळाच त्रास. तिथे खेच इतकी की पॉझिट्रॉन जवळजवळ बांधलाच जाणार असतो पण जात नाही, त्यामुळे स्कॅटरिंग लेंग्थ निगेटिव्ह आणि कित्येक दहा बोहर एवढी मोठी, आणि आरसी केसभर हलवली की ती उड्या मारते. जास्तच पिळली तर मॉडेलमध्ये खोटी बाउंड स्टेट तयार होते. ओळखायची खूण अशी, एनर्जी शून्याकडे जाताना एस-वेव्हचा डेल्टा शून्याकडे न जाता पायकडे जातो आणि ए एकदम पॉझिटिव्ह होते. नोबल गॅसचा एकही अणू ग्राउंड स्टेटमध्ये पॉझिट्रॉनला बांधत नाही, तेव्हा असं झालं तर आरसी वाढवा. आणि आर्कटॅनमुळे डेल्टा मध्येच पायची उडी मारतो त्याला फिजिक्स समजू नका, ग्राफ सलग जोडून घ्या.

प्रयोगाच्या आकड्यांशी तुलना करताना ते आकडे कसे येतात ते माहीत असू द्या. सोर्स बहुतेक सोडियम-२२, अर्धायुष्य २.६ वर्षं, आपल्याला तो असा कपाटात ठेवता येत नाही, त्याला एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) परवानगी लागते, म्हणून तर आपण लॅपटॉपवर आहोत. त्यातून निघणारे पॉझिट्रॉन ०.५ एमईव्हीपर्यंतचे, त्यांना टंगस्टनमधून किंवा गोठवलेल्या निऑनमधून काढून हळू करतात. टंगस्टनमधून दहा हजारांत एखादाच कामाचा उरतो, निऑनमधून शंभरात एखादा. मग बीम गॅसच्या नळीतून सोडायचा आणि किती उरले ते मोजायचं. १ पास्कल दाब, खोलीचं तापमान, २० सेंटिमीटर नळी आणि १ चौरस अँगस्ट्रॉम क्रॉस सेक्शन धरलं तर ६२ टक्के पार जातात, घनता घनमीटरला २.४ गुणिले दहाचा विसावा घात घेऊन करून बघा. गोची अशी की जे अगदी थोड्या कोनानं वळले ते डिटेक्टरला न वळलेलेच वाटतात, आणि पोलरायझेशनमुळे पुढच्या दिशेलाच भरपूर स्कॅटरिंग होतं, म्हणजे मोजलेला आकडा कमी येतो. डेट्रॉइटच्या कॉपिला आणि स्टाइन यांच्या जुन्या मोजमापांपासून ते सॅन डिएगो आणि कॅनबेराच्या ट्रॅपवाल्या बीमपर्यंत सगळ्यांना ह्याचा हिशोब द्यावा लागलाय. तेव्हा तुमची रेघ प्रयोगाच्या ठिपक्यांच्या थोडी वर गेली की लगेच आरसी पिळायला धावू नका, आधी त्या पेपरातला अँगुलर अ‍ॅक्सेप्टन्स (किती कोनापर्यंत वळलेले डिटेक्टरला न वळलेलेच वाटतात ते) वाचा, तुमच्या डिफरन्शियल क्रॉस सेक्शनमधून (कोनानुसार वाटलेला क्रॉस सेक्शन) तेवढे कोन वगळा आणि मग तुलना करा.

वेळ उरला तर अ‍ॅनायहिलेशन करून बघा, दहा ओळींचं काम आहे. झेड-इफेक्टिव्ह म्हणजे पॉझिट्रॉनला अणूत किती इलेक्ट्रॉन "दिसतात" तो आकडा. यू लांबवर साइन(के आर + डेल्टा) होईल अशी स्केल करा, मग एस-वेव्हसाठी ३८.४४ × एक्स्प(−३.३७५ आर) × यू² चं इंटिग्रल काढून के² नं भागा. व्ही शून्य ठेवून अगदी छोट्या के ला उत्तर बरोबर २ आलं पाहिजे, हेलियमचे दोन इलेक्ट्रॉन. मग व्ही चालू करा. प्रयोगातला आकडा ३.९ च्या आसपास आहे आणि तुमचा बराच खाली येईल, आणि कोड तपासत रात्र घालवू नका, तो बरोबर आहे. आपल्या मॉडेलमध्ये पोलरायझेशन म्हणजे नुसतं एक पोटेन्शियल, पण खऱ्या अणूत इलेक्ट्रॉन पॉझिट्रॉनच्या अंगाशी येऊन गोळा होतो, क्षणभर पॉझिट्रोनियमसारखा, आणि ते आपल्या डेन्सिटीत नाहीच. झेनॉनला ५४ इलेक्ट्रॉन असताना झेड-इफेक्टिव्ह खोलीच्या तापमानाला तीनशेच्या वर जातो तो ह्या गर्दीमुळे आणि त्या जवळजवळ बांधल्या जाण्यामुळे. तुमचा आकडा आणि ३.९ यांचं गुणोत्तर काढून रिपोर्टात वेगळ्या ओळीत लिहा, एक्स्टर्नल विचारेल तेव्हा बोलायला तेच सगळ्यात कामाचं पडतं.